पोरगं रडलं की कोण उठतं?

रविवारी रात्री साडेआठ-नऊला कोल्हापुरातल्या कुठल्याही मटणाच्या हॉटेलात जाऊन बघा, काउंटरवरच्या वहीत नाव लिहून माणसं बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली असतात, आतनं सुक्क्या मटणाचा वास येत असतो, आणि त्या वासात, गाड्यांच्या धुरात, झोपेची वेळ टळून गेलेली दोन-तीन-चार वर्षांची पोरं बापाच्या पँटला लोंबकळत असतात. मोठी माणसं पाऊण तास थांबू शकतात कारण पाऊण तासानं थाळी येणार हे त्यांना ठाऊक असतं. तीन वर्षांच्या पोराला पाऊण तास म्हणजे काय तेच कळत नाही, त्याला एवढंच कळतं की भूक लागलीय आणि कुणी काही देत नाही. मग टेबल मिळेपर्यंत ते पोरगं एकतर रडायला लागलेलं असतं नाहीतर टेबलांच्या मधनं पळायला.

आणि तिथंच माणसांच्या दोन पार्ट्या पडतात. एका पार्टीचं म्हणणं, लहान मुलं आहेत हो, चालायचंच, आपण काय वेगळे होतो का. दुसरीचं म्हणणं, पोरं आवरत नसतील तर घरी बसा की, आम्ही पैसे देऊन जेवायला आलोय. हा वाद मी हॉटेलात ऐकलाय, एसटीत ऐकलाय, लग्नाच्या हॉलमध्ये ऐकलाय, आमच्या फॅमिली ग्रुपवर तर यावरनं दोन चुलत भावांचं बोलणं बंद व्हायची वेळ आली होती. मी बालवाडीत शिकवते, लोक ज्या आवाजाला वैतागतात तो माझ्या कानावर रोज सकाळी पडतो, त्यामुळं मला यावर बोलायचंच आहे. मला दोन्ही पार्ट्यांचं पटत नाही. पहिली पार्टी पोराला मोकाट सोडते, दुसरी त्याला हाकलते, आणि दोन्हीकडं त्या पोराजवळ जाऊन खाली बसणारं, त्याला नेमकं काय हवंय ते बघणारं माणूस कुणीच नसतं. मला विचाराल तर पोरगं रडलं की टेबलावरनं कोण उठतं, एवढाच सगळा प्रश्न आहे.

मागच्या थंडीत आम्ही घरची सगळी जेवायला गेलो होतो, हॉटेलचं नाव नको. शेजारच्या टेबलावर आठ-दहा जणांचं कुटुंब, त्यात लाल स्वेटरातलं चारेक वर्षांचं पोरगं. त्यानं एक खेळ शोधून काढला होता, टेबलापासनं पळत जायचं, हात धुवायच्या बेसिनला हात लावायचा, परत पळत यायचं. मधे वाढप्यांची वाट. एक वाढपी मामा किचनमधनं येत होते, एका हातात तांबड्या रश्श्याचं भांडं, दुसऱ्या हातात पांढऱ्याचं, आणि ते पोरगं खाली मान घालून थेट त्यांच्या पायात आलं. मामांनी काय केलं ते मी अगदी समोरनं बघितलं, त्यांनी अख्खं अंग भिंतीकडं वळवलं, तांबड्याचं भांडं छातीजवळ ओढून घेतलं आणि त्यातला रस्सा स्वतःच्या मनगटावर घेतला. पोराला वाटलं मामा खेळतायत, ते खदखदून हसलं आणि परत पळालं. त्याचा बाप मान वर न करता म्हणाला, "अरे हळू." बास. मॅनेजर आला तो फरशीवर सांडलेल्या रश्श्यावरनं मामांनाच बोलला.

मी बेसिनपाशी गेले तर मामा नळाखाली हात धरून उभे होते, मनगट लाल झालेलं, वर तेलाचा तवंग तसाच चिकटलेला. मी म्हटलं, मामा, तुम्ही त्याच्या घरच्यांना सांगायला पाहिजे होतं. म्हणाले, "ताई, त्या पोराला काय कळतंय. आन् आमी बोलायचं नसतंय, गिऱ्हाईक हाय." एवढं बोलून हात पुसून परत वाढायला गेले.

उकळता रस्सा म्हणजे काय हे कोल्हापूरकरांना सांगायला नको, वरच्या तेलामुळं तो लवकर निवत नाही आणि कातडीवर पडला की ओघळून जायच्या ऐवजी चिकटून राहतो. साठ अंश सेल्सियसचं नुसतं पाणीसुद्धा मोठ्या माणसाला काही सेकंदांत खोलवर भाजू शकतं, आणि लहान मुलाची कातडी पातळ असते, तिला त्याहून कमी वेळ पुरतो. रस्सा तर त्यापेक्षा पुष्कळ गरम असतो. मामांनी अंग वळवलं नसतं तर ते भांडं त्या पोराच्या डोक्यावर आलं असतं, चेहऱ्यावर, मानेवर. हे लिहितानाही माझ्या अंगावर काटा येतो.

म्हणून मी रडणं आणि पळणं या दोन गोष्टी वेगळ्या धरते. रडण्याचा आवाज सहन करता येतो, करावा, कुणाचं त्यानं काही तुटत नाही. वाढप्याच्या वाटेत पळणं मात्र त्याच क्षणी थांबवायचं, कुणाचं पोरगं आहे हे न बघता. तिथं चालायचंच म्हणणं ही माया नव्हे. आणि यातलं सगळ्यात वाईट हे की बोलायची सोय फक्त त्यालाच नसते जो भाजणार असतो, कारण तो नोकरीला असतो.

आता पोरं असं का वागतात, तर बहुतेक वेळा बदमाशी म्हणून नाही. स्वतःला आवरायचं काम मेंदूचा जो पुढचा भाग करतो तो पुरता तयार व्हायला विशी पार व्हावी लागते, मग तीन-चार वर्षांच्या जिवाकडनं आपण काय अपेक्षा करतोय याचा जरा विचार करा. आम्ही बालवाडीत पोरांना वीस मिनिटांच्या वर एका जागी बसवतच नाही, मधे उठवतो, टाळ्या वाजवायला लावतो, पाणी प्यायला पाठवतो, आणि तीही सकाळची, झोप झालेली, डबा खाल्लेली पोरं असतात. हॉटेलात त्याच पोराला रात्री नऊला, उपाशीपोटी, पाय लोंबकळत राहतील अशा उंच खुर्चीत दीड तास बसायला सांगतात, समोर मोठी माणसं त्याच्या डोक्यावरनं जमिनीचे व्यवहार आणि कुणाच्या लग्नाचं बोलत असतात, वर टीव्ही चालू. त्यात ते चमच्यानं टेबल वाजवायला लागलं की सगळे म्हणणार वळण नाही. वळण लावायचं असतंच, मी रोज तेच करते, पण उपाशी आणि झोपाळलेल्या पोराला वळण लावता येत नाही, आधी खायला घालावं लागतं.

त्याला फार काही लागत नाही हो. आल्या आल्या पोराचा दहीभात नाहीतर वरणभात आधी मागवायचा, थाळ्यांच्या सोबत नाही. ऑर्डर द्यायला त्यालाच बोलायला लावायचं, पोरं काउंटरवरच्या काकांशी काय ऐटीत बोलतात बघा एकदा. हॉटेलात शिरायच्या आधी बाहेर दोन चकरा मारून आणायच्या, काय दिसतंय ते मोजायला लावायचं, गाड्या, दिवे, काहीही. आणि घरनं निघतानाच सांगायचं की तिथं गरम भांडी घेऊन मामा फिरतात, म्हणून तिथं पळायचं नाही, भाजेल. कारण सांगितलं की चार वर्षांचं पोरगंसुद्धा ऐकतं, सगळ्या वेळी नाही, पण बऱ्याच वेळी. नुसतं "गप बस" यात त्याला करण्यासारखं काहीच नसतं.

हल्ली यावर सगळ्यांना एक उपाय सापडलाय, मोबाईल. पोरगं कुरकुरलं की बाटलीला टेकवून मोबाईल उभा करायचा, कार्टून लावायचं आणि घास भरवत राहायचं. मी अशी टेबलं नीट बघते, त्या पोराचा आ आपोआप होतो, तोंडात काय गेलं ते त्याला कळत नाही, पोट भरलं तेही कळत नाही, आणि मोबाईल काढून घेतला की अशी किंकाळी फुटते की आधीची कुरकुर बरी म्हणायची. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या वर स्क्रीन नको, कमी असेल तेवढं बरं, एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर अजिबात नको. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन देऊच नका असं सांगितलंय. पण हॉटेलात मोबाईलवाल्या पोराचं कौतुक होतं, किती शहाणं बाळ आहे, कसं शांत बसलंय. ज्या आईनं मोबाईल दिला तिला मी दोष देत नाही. तिच्याकडं सगळं हॉटेल बघत होतं म्हणून तिनं दिला. माझा राग त्या बघणाऱ्यांवर आहे.

कारण बघतात आईकडंच. हे माझं आवडतं भांडण आहे, घरीही मी ते करते. पोरगं रडलं की आजूबाजूच्या चार टेबलांच्या नजरा जातात त्या आईकडं, बाप शेजारीच बसून नळी फोडत असतो तरी त्याच्याकडं कुणी बघत नाही. मग ती उठते, पोराला काखेत घेऊन बाहेर जाते, रस्त्यावर उभी राहून कुत्रं दाखवते, गाडी दाखवते, चंद्र दाखवते. आत तिच्या थाळीतल्या वाटीवर तूप थिजल्यासारखी साय धरते, भाकरी वातड होते, सासू म्हणते ये की गं आता, गार होतंय. ती परत येते तेव्हा बाकीच्यांचं भातावर आलेलं असतं. या बाईनं आठवड्याभर घरात स्वयंपाक केलेला असतो आणि एक दिवस आयतं गरम जेवायला मिळावं म्हणून ती आलेली असते. सहन कुणी करायचं म्हणून आपण जो वाद घालतो त्यात हे धरतच नाही, की शेवटी सगळं सहन तीच करत असते. बापांनो, उठा. पांढरा रस्सा दहा मिनिटांनी पण मिळतो, बहुतेक ठिकाणी परत वाढतातच. एखादा बाप खरोखर पोराला खांद्यावर घेऊन बाहेर पडला की मला इतकं बरं वाटतं, परवा एकाला तर मी मुद्दाम जाऊन सांगितलं, भावा लई चांगलं केलंस.

माझं बालपण शिवाजी पेठेतलं. तिथं कुणाचंही पोर कुणीही धरायचं. तालमीच्या दारात दंगा केला तर आतनं अंगाला माती लागलेला कुणीतरी बाहेर यायचा आणि कुणाचं रे तू म्हणून विचारायचा, तेवढ्यावर चड्डी ओली व्हायची वेळ. पण तोच माणूस दूध प्यायला गंगावेशीत निघाला की पाच-सहा पोरं सोबत घेऊन जायचा. ओरडायचा हक्क आणि खायला घालायची जबाबदारी एकाच माणसाकडं असायची. मी त्या दिवसांचे नुसते गोडवे गाणार नाही, मार फार होता, कान पिरगाळणं, अंगठे धरायला लावणं, आणि मुलींना तर बोलूच द्यायचे नाहीत, मुलगी मोठ्यानं हसली तरी डोळे वटारायचे. तो धाक परत यावा असं मला अजिबात वाटत नाही. पण दुसऱ्याचं पोरगं आपलं काहीतरी लागतं ही जी भावना होती ती गेली हे खरंच वाईट झालं. आता शेजारच्या फ्लॅटमधल्या पोराला तू जिन्याच्या कठड्यावर चढू नकोस एवढं म्हणायलाही माणसं दोनदा विचार करतात, त्याच्या आईला काय वाटेल, ग्रुपवर मेसेज येईल का. कुणी काही बोलायचं नाही, मनात मात्र राग धरायचा, आणि मग एक दिवस लहान मुलांना बंदी घाला म्हणायचं.

तेव्हा बाहेर जाणं म्हणजे तरी काय होतं, रंकाळा. मोठी माणसं भेळ घेऊन कठड्यावर बसायची आणि आम्ही पळायचो, ओरडायचो, त्या आवाजाचं काय झालं असेल ते झालं असेल, वर आभाळ होतं. खासबागेत कुस्त्यांना गेलो तर हजारो माणसांच्या आरोळ्यांत आमच्या किंकाळ्या कुणाला ऐकू जाणार. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये ते मैदान पुरं केलं, उतारावर कुठंही बसा आखाडा दिसतो, मांडीवर पोरगं घेऊन बसलेल्या माणसालाही दिसतो. आता बरीच घरं आठवड्याच्या एका संध्याकाळी चार भिंतींच्या एसी हॉटेलात जातात, खाली गुळगुळीत फरशी, वर पीओपी, आवाज जायला जागाच नाही, एक पोरगं ओरडलं तर दहा ओरडल्यासारखं वाटतं. यात पोरांचा काय दोष. रविवारी आधी तासभर त्यांना रंकाळ्यावर नाहीतर कुठल्याही मैदानात सोडा आणि मग जेवायला न्या, फरक बघा.

नाटकाला मात्र आपली माणसं बरोबर वागतात, हे मी केशवराव भोसले नाट्यगृहात लहानपणापासनं बघत आलेय. (ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळालं त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नव्हतं, पण तो विषय इथं नको.) तिसरी घंटा व्हायच्या आधी सूचना होते, लहान मूल रडलं तर कृपया बाहेर घेऊन जा. आणि मूल रडलं की खरंच कुणीतरी उठतं, वाटेतले गुडघे बाजूला करतात, दारावरचा माणूस पडदा धरतो, कुणालाही अपमान वाटत नाही. म्हणजे आपल्याला जमतं. आधी सांगितलेलं असलं, सगळ्यांना एकच नियम असला आणि बाहेर थांबायला जागा असली की जमतं.

बाहेरच्या देशांत यावर कायद्यापर्यंत गोष्टी गेल्यात. जर्मनीनं २०११ मध्ये कायद्यात घातलं की पाळणाघरं आणि खेळाची मैदानं इथनं येणारा मुलांचा आवाज साधारणपणे त्रासदायक प्रदूषण धरायचा नाही. टोकियोत पाळणाघरांच्या आवाजाविरुद्ध शेजारी तक्रारी करायला लागले तेव्हा २०१५ पासनं तिथल्या नियमांत लहान मुलांच्या आवाजाला ध्वनिमर्यादेतनं सूट मिळाली. दक्षिण कोरियात उलटं, मुलांना प्रवेश नाही अशा पाट्या लावणारी हॉटेलं आणि कॅफे वाढले, तिथल्या मानवाधिकार आयोगानं २०१७ मध्ये जेजू बेटावरच्या एका हॉटेलच्या प्रकरणात सांगितलं की वयावरनं सरसकट नकार देणं हा भेदभाव आहे, तरी अशा पाट्या तिथं अजून आहेत. आपल्याकडं इंडिगोनं २०१६ मध्ये विमानातल्या काही रांगा बारा वर्षांखालच्या मुलांना बंद केल्या तेव्हा पण बरीच चर्चा झाली होती. मला जर्मनीवाल्यांचं पटतं. मशीनचा आवाज आणि पोराचा आवाज एका मापानं मोजायचा नाही, कारण पोरगं वाढायचं तर आवाज होणारच. पण तो कायदा मैदानाचा आहे हेही तितकंच खरं, तो हॉटेलातल्या बापाला बसून राहायची परवानगी देत नाही.

आणि आवाजाचं म्हणाल तर आपल्याकडच्या २००० सालच्या नियमांत राहत्या वस्तीत रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंती लागतात, खिडक्यांची तावदानं थरथरतात, म्हातारी माणसं छाती धरून बसतात, तेव्हा जी माणसं एक शब्द बोलत नाहीत तीच माणसं दीड वर्षाच्या बाळाच्या रडण्यावर मान वळवून वळवून बघतात. बाळाची आई उलट बोलणार नाही हे त्यांना माहीत असतं, म्हणून. याचा मला मनापासून संताप येतो.

अजून एक गोष्ट सांगायची आहे आणि ती सगळ्यात महत्त्वाची. आमच्या बालवाडीत एक मूल येत होतं, स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेलं. मोठे आवाज, झगमगीत दिवे, मिक्सर, भांड्यांचा खणखणाट याचा त्याला खरोखर त्रास व्हायचा, कान दाबून जमिनीवर पडून ते ओरडायचं. हट्टी पोरगं ओरडताना मधेच डोळे किलकिले करून बघतं, आई बघतेय का, हवं ते मिळालं की थांबतं. या मुलाला थांबताच येत नसे, खाऊ दिला तरी नाही, रागावलं तरी नाही, सगळं शांत होऊन वेळ गेल्यावरच ते निवायचं. त्याची आई मला म्हणाली, मॅडम, आम्ही बाहेर जेवायला जायचं सोडलंय. एकदा गेलो तर मागनं एक बाई म्हणाल्या, असल्यांना कशाला आणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचं नाव आहे, समाजात वावरायचा हक्क त्या मुलाला तुमच्या-माझ्याइतकाच आहे, पण कायदा घेऊन कोण जेवायला जातं. बाहेरनं बघणाऱ्याला हट्ट कुठला आणि हा त्रास कुठला हे पाच मिनिटांत कळणं शक्य नाही, मलाही कळत नाही. म्हणून माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे की रडणाऱ्या पोराच्या घरच्यांवर निकाल देऊ नका. त्याच आईनं मला दुसरंही एक सांगितलं, एका भावाच्या लग्नात मूल असंच ओरडायला लागलं तेव्हा वाढणाऱ्यांतल्या एका मुलानं काही न विचारता जाऊन स्पीकर बंद केला आणि मागची स्टोअरची खोली उघडून दिली. ते सांगताना तिचे डोळे भरून आले होते.

मग बोलायचं की नाही बोलायचं? माझं मत आहे बोलायचं, पण आईबापाशी भांडायला जायच्या आधी पोराशी बोलायचं, आणि उभं राहून नाही, खाली वाकून. "बाळा, ते मामा गरम घेऊन येतायत, तू इथं भिंतीकडं थांब, गेले की सांगतो तुला." नव्वद टक्के पोरं थांबतात, नवीन माणूस आपल्याशी नीट बोलतंय याचं त्यांना अप्रूप असतं. घरच्यांशी बोलायची वेळ आलीच तर तुमचं पोरगं असं न म्हणता, दादा, इथनं रस्सा नेतायत, भाजेल त्याला, असं म्हणायचं. तरी कधी कधी ऐकून घ्यावं लागतं, मला एकजण फाडकन म्हणाला होता, आमच्या पोराला आम्ही बघतो, तुम्ही तुमचं जेवा. वाईट वाटतं. पण तरी मी बोलते, कारण त्याचं पोरगं भाजलं तर मला घास गोड लागणार नाही.

आमच्या जाऊबाईंचं मत वेगळं आहे आणि त्यांचंही म्हणणं मी सोडून देत नाही. त्या म्हणतात, "तुम्ही मॅडम आहात, तुम्हाला बोलायचं कळतं, तुम्हाला बघून चार जण बोलायला लागले तर ते पोराच्या अंगावर जातील." त्यांच्या मुलीला बसमध्ये एका अनोळखी माणसानं दरडावलं होतं, ती किती तरी दिवस बसमध्ये चढायलाच तयार नव्हती. हे खरं आहे, असं होतं. म्हणून दरडावणं नाही, हात लावणं तर अजिबात नाही, पोरगं धोक्यात असेल तेव्हा आडवा हात धरणं तेवढं सोडून. यावर आम्हा दोघींचं अजून पूर्ण एकमत झालेलं नाही.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं तेव्हा मूल शाळेत आलं नाही तर दंड कुणाला, आईबापाला, महिन्याला एक रुपया. पोरगं शाळा बुडवतंय म्हणून पोराला शिक्षा ठेवली नव्हती, आणि शाळा काढायची जबाबदारी दरबारानं स्वतःकडं घेतली होती. मला हॉटेलांच्या बाबतीतही असंच वाटतं, अर्धं आईबापांनी करायचं, अर्धं हॉटेलवाल्यांनी. त्यांना हवीय ती फॅमिली गर्दी, रविवारचा सगळा धंदा तिच्यावर चालतो, मग त्या फॅमिलीत पोरं असणारच. वाट बघायच्या जागेत एक फळा आणि खडू ठेवा, फार खर्च नाही. लहान मुलाचा भात पहिल्या पाच मिनिटांत टेबलावर येईल असं करा, भात तर तयारच असतो. लहान मुलं असलेल्या कुटुंबाला किचनच्या वाटेवरचं टेबल देऊ नका, भिंतीकडचं द्या. टीव्हीचा आवाज बंद ठेवा. दारात पाटी लावा की वाढप्यांच्या वाटेत मुलांना सोडू नये, रस्सा गरम असतो. आणि वाढपी मामांना बोलायची मुभा द्या, गिऱ्हाईकाला राग आला तर मालक त्यांच्या मागं उभा राहील हे त्यांना कळू द्या.

हे सगळं मी त्या हॉटेलच्या मालकांना जाऊन सांगितलं, दुपारच्या गर्दीच्या आधी, शांतपणे. त्यांनी ऐकून घेतलं. फळ्याचं त्यांना पटलं, भाताचं पण पटलं, म्हणाले सोपं आहे. पाटीचं म्हणाले, लोक नाराज होतात हो मॅडम. मी म्हटलं तुमच्या मामांच्या मनगटावर डाग आहे तो बघितलाय का तुम्ही. ते म्हणाले, बोलावतो त्याला. आणि हाक मारली.